चीफ्सचे रिसीव्हर आणि ऑफसीझनचे वाद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅन्सस सिटी चीफ्सनी मार्च २०२२ मध्ये टायरीक हिलला विकलं, तेव्हापासून दर मार्च-एप्रिलमध्ये तोच वाद पेटतो: रिसीव्हरचं (पास झेलणाऱ्या खेळाडूचं) काय करायचं? त्या वादात सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. रकमा डॉलरमध्ये आहेत, पण मोजणी लाख-कोटीत (एक मिलियन म्हणजे १० लाख). आणि फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल, एनएफएल.

१. ऑफसीझनमध्ये (दोन हंगामांमधल्या काळात) रिसीव्हर मिळवायचे मार्ग किती, आणि कधी?

मार्ग चार. मार्चच्या मध्यावर नवं लीग वर्ष सुरू होतं आणि करार संपलेले खेळाडू बाजारात येतात. त्याआधी दोन दिवस बोलणी करायची अधिकृत मुभा असते, त्यामुळे मोठे सौदे प्रत्यक्षात तेव्हाच ठरून जातात. दुसरा मार्ग ट्रेड, म्हणजे संघासंघांतली अदलाबदल. तिसरा एप्रिलअखेरचा ड्राफ्ट, म्हणजे नवख्या खेळाडूंची पाळीपाळीने निवड, सात फेऱ्यांची. चौथा म्हणजे उरलासुरला बाजार: ड्राफ्टनंतर ज्येष्ठ खेळाडू स्वस्तात मिळतात आणि ऑगस्टअखेर ९० जणांचा संघ ५३ वर आणताना इतर संघ ज्यांना सोडतात, त्यांतूनही कोणी हाती लागतो.

भारतातून जागून पाहणाऱ्यांसाठी: बाजार उघडतो तेव्हा आपल्याकडे गुरुवारी पहाटेचा दीड वाजलेला असतो. ड्राफ्टची पहिली फेरी शुक्रवारी पहाटे साडेपाचला सुरू होते.

२. रिसीव्हर म्हणजे रिसीव्हर. एक गेला की दुसरा आणायचा, यात एवढं काय?

बहुतेक वाद इथेच घसरतात. जागा तीन आहेत आणि तिन्हींचं काम वेगळं.

'एक्स' हा चेंडू ठेवतात त्या रेषेवरच उभा राहतो, बहुधा एकटा, मैदानाच्या कडेला. समोरचा कॉर्नरबॅक (रिसीव्हरला अडवणारा बचावपटू) त्याच्या छातीला हात लावूनच उभा असतो, म्हणून तो अंगाने भक्कम लागतो आणि पहिल्या दोन पावलांत सुटका करून घेणारा लागतो. 'झेड' रेषेच्या एक पाऊल मागे. चेंडू खेळात येण्याआधी त्याला आडवं पळवता येतं, त्यामुळे धक्काबुक्की चुकते आणि वेगाचा फायदा घेता येतो. 'स्लॉट' आतल्या बाजूला, टॅकलजवळ (क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या पुढच्या फळीतला कडेचा खेळाडू). त्याला दोन्हीकडे वळायला जागा असते, पण लाइनबॅकरच्या (मधल्या फळीतल्या बचावपटूंच्या) गर्दीत झेल घ्यावा लागतो.

हिल झेड आणि स्लॉट या दोन जागांवर धोकादायक होता. त्याच्या जागी 'चांगला रिसीव्हर' आणा म्हणणाऱ्याने आधी सांगावं की कोणत्या जागेसाठी. चीफ्सकडे गेली काही वर्षं स्लॉटला साजेसे तीन-तीन खेळाडू आणि एक्सच्या नावाने शंख, अशी अवस्था वारंवार आली आहे.

३. संघाचं दुखणं रिसीव्हरच आहे हे ओळखायचं कसं?

तीन गोष्टी क्रमाने तपासा.

पहिली, क्वार्टरबॅकला (पास फेकणाऱ्याला) वेळ मिळतोय का? खोल रूट (रिसीव्हरचा ठरलेला पळण्याचा मार्ग) उलगडायला तीन सेकंद तरी लागतात. अडीच सेकंदांत खिसा (क्वार्टरबॅकभोवतीचं संरक्षणाचं कडं) कोसळत असेल, तर जगातला सर्वोत्तम रिसीव्हरही कामाचा नाही. दुसरी, रिसीव्हर मोकळे होतात का? हे टीव्हीवर कळत नाही, कारण कॅमेरा चेंडूमागे जातो आणि खोल पळणारे चित्राबाहेर राहतात. सर्व २२ खेळाडू दिसणारं वरून घेतलेलं चित्रण पाहावं लागतं. तिसरी, हातात आलेला चेंडू धरतात का? ही सगळ्यात ठळक चूक, म्हणून आरडाओरडा तिच्याच नावाने होतो. बरेचदा ती तिघांत सर्वांत किरकोळ असते. २०२३ हे वर्ष मात्र अपवाद होतं (प्रश्न ८ पाहा).

फेब्रुवारी २०२५ चा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, घ्या. चीफ्स फिलाडेल्फिया ईगल्सकडून ४०-२२ हरले. चीफ्सचा रिसीव्हर झेवियर वर्दीचे आकडे पाहिले तर ८ झेल, १५७ यार्ड, २ टचडाउन (चेंडू शेवटच्या पट्टीत नेणं). मग रिसीव्हर उत्तम म्हणायचे? नाही. वर्दीचा पहिला टचडाउन आला तेव्हा गुणफलक ३४-० होता. सामना त्याआधीच गेला होता, आणि तो घालवला पुढच्या फळीने: ईगल्सनी जादा माणसं न पाठवता चौघांच्या जोरावर चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सला सहा वेळा पाडलं. सरव्यवस्थापक ब्रेट वीचसाहेबांनी पुढच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत टॅकल (जॉश सिमन्स, ३२ वा) घेतला तो त्यामुळेच. त्या रात्री 'रिसीव्हर आणा' म्हणून ओरडणाऱ्यांचं निदानच चुकलं होतं.

४. सॅलरी कॅप आणि डेड मनी हे एकदा सोप्या भाषेत सांगा.

दर वर्षी लीग प्रत्येक संघाला पगाराची एकच कमाल मर्यादा घालून देते. २०२२ मध्ये ती २० कोटी ८२ लाख होती, २०२४ मध्ये २५ कोटी ५४ लाख, २०२५ मध्ये २७ कोटी ९२ लाख.

सही करताना दिलेला बोनस खेळाडूच्या खात्यात लगेच जातो, पण कॅपच्या हिशेबात तो कराराच्या वर्षांत समान वाटला जातो, जास्तीत जास्त पाच वर्षांत. चार वर्षांचा करार आणि ४ कोटी बोनस असेल, तर दर वर्षी १ कोटी. दोन वर्षांनी त्याला काढलंत की उरलेले २ कोटी एकदम अंगावर येतात. खेळाडू गेला, हप्ते राहिले. तो डेड मनी.

प्रत्यक्षातलं उदाहरण रिसीव्हर मार्केझ वाल्डेस-स्कँटलिंगचं. मार्च २०२२ मध्ये तीन वर्षांचा, ३ कोटींचा करार. २०२४ साठी कॅपवर त्याचा भार १ कोटी ४० लाख होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये, सुपर बोल जिंकून पंधरवडा होतो न होतो तोच, चीफ्सनी त्याला काढलं: १ कोटी २० लाख मोकळे झाले, २० लाख डेड मनी राहिला. करार असा बांधणं हेच कसब. शेवटच्या वर्षी बाहेर पडायचं दार उघडं ठेवलेलं होतं.

५. हिलला विकणं ही चूक होती का?

नाही. पण कारण नेहमी सांगतात ते नाही.

२०२१ मध्ये हिलने १११ झेल आणि १,२३९ यार्ड केले होते, करार एक वर्षाचा उरला होता. मार्च २०२२ मध्ये ग्रीन बेने डेव्हांटे अॅडम्स रेडर्सना दिला आणि रेडर्सनी त्याला वर्षाला सुमारे २ कोटी ८० लाखांचा करार दिला. रिसीव्हरचा बाजारभाव एका आठवड्यात बदलला. चीफ्स आणि हिल यांची बोलणी तिथेच फिसकटली. २३ मार्चला मायामीने पाच पिकं (ड्राफ्टमधले निवडीचे हक्क) मोजून हिलला घेतलं आणि त्याच्याशी चार वर्षांचा, १२ कोटींचा करार केला, त्यातले ७ कोटी २२ लाख हमीचे.

वर्षाला सरासरी ३ कोटी म्हणजे त्या वर्षीच्या कॅपच्या चौदा टक्क्यांहून जास्त. महोम्सचा करार दहा वर्षांचा, ४५ कोटींचा. दोघांना मिळून ठेवलं असतं तर बचावफळीत दर वर्षी दोन चांगले खेळाडू कमी पडले असते. हे झालं नेहमीचं कारण, आणि ते खरंच आहे.

त्याहून महत्त्वाचं मैदानावर घडत होतं. २०२१ भर प्रतिस्पर्धी संघ दोन सेफ्टी (सर्वांत मागचे बचावपटू) खोल उभे करून चीफ्सविरुद्ध खेळत होते. हिलच्या डोक्यावर छप्पर घालायचं आणि महोम्सला आठ-आठ यार्डांचे पास खेळायला लावायचं, एवढाच डाव. महोम्सचा धीर सुटला की चेंडू त्यांच्या हातात. म्हणजे सर्वांत महाग वस्तूचा उपयोग समोरच्याने आधीच अर्धा करून ठेवला होता. हिल गेल्यावर प्रशिक्षक अँडी रीडनी खेळ रुंदीला पसरवला, टाइट एंड (पासही झेलणारा, पुढच्या फळीलगतचा खेळाडू) ट्रॅव्हिस केल्सीला ११० झेल मिळाले, महोम्सने ५,२५० यार्ड आणि ४१ टचडाउनसह एमव्हीपी (वर्षातला सर्वोत्तम खेळाडू) पटकावलं आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ईगल्सना ३८-३५ हरवून सुपर बोल जिंकला.

हिलही मायामीत फुलला: २०२२ मध्ये १,७१० यार्ड, २०२३ मध्ये १,७९९. दोन्ही बाजूंचा फायदा झालेला सौदा असतो, हे मान्य करायला लोकांना जड जातं.

६. त्या पाच पिकांचं पुढे काय झालं?

२०२२ ची पहिली फेरी (२९ वं), दुसरी (५० वं), चौथी (१२१ वं), आणि २०२३ ची चौथी व सहावी. २९ आणि १२१ सोबत आपलं ९४ वं देऊन चीफ्स २१ व्या क्रमांकावर चढले आणि कॉर्नरबॅक ट्रेंट मॅकडफी घेतला, जो २०२३ मध्ये ऑल-प्रोच्या (वर्षातल्या सर्वोत्तमांच्या) पहिल्या संघात होता. ५० वरून ५४ वर उतरून रिसीव्हर स्काय मूर घेतला. मॅकडफी सोनं निघाला, मूर नाही. पहिल्या दोन हंगामांत मिळून त्याचे ४३ झेल, पाचशेच्या आत यार्ड. गंमत पाहा: रिसीव्हर विकून आलेल्या मालातून संघाला मिळालेली सर्वांत मोठी गोष्ट कॉर्नरबॅक होती.

७. मग ईगल्सना ए. जे. ब्राउन कसा परवडला? तेही त्याच वर्षी?

कारण त्यांचा क्वार्टरबॅक तेव्हा स्वस्त होता.

एप्रिल २०२२ च्या ड्राफ्टच्या रात्री ईगल्सनी १८ वं आणि १०१ वं पिक टायटन्सना देऊन ब्राउन घेतला आणि त्याला चार वर्षांचे १० कोटी दिले. जेलन हर्ट्स तेव्हा दुसऱ्या फेरीच्या नवख्याच्या करारावर खेळत होता. बफेलो बिल्सनी मार्च २०२० मध्ये स्टेफॉन डिग्ज घेतला तेव्हा जॉश अॅलनही नवख्याच्या करारावर. मायामीने हिल घेतला तेव्हा टुआ टागोवायलोआही तसाच. नकाशा एकच: क्वार्टरबॅक स्वस्त असेपर्यंतची दोन-तीन वर्षं महागडा रिसीव्हर घ्यायला योग्य. चीफ्सची ती खिडकी २०२० च्या उन्हाळ्यात बंद झाली. त्यामुळे 'फिलाडेल्फियाने केलं, आपण का नाही' हा प्रश्न कॅपच्या हिशेबाने गैरलागू.

त्याच सौद्याची दुसरी बाजू टायटन्सची. त्यांनी १८ व्या पिकावर ब्राउनच्याच ठेवणीचा ट्रीलॉन बर्क्स घेतला. तो ब्राउनची जागा कधीच भरू शकला नाही. मिनेसोटाने मात्र डिग्ज विकून आलेल्या २२ व्या पिकावर जस्टिन जेफरसन घेतला. तोच डाव, एकाला हिरा, दुसऱ्याला गारगोटी. म्हणून 'विका आणि ड्राफ्ट करा' हा मंत्र नाही, जुगार आहे.

८. २०२३ मध्ये नेमकं बिघडलं काय?

आमच्या मते या सगळ्या काळातली खरी चूक ही आहे, आणि तिची मुळं त्या वर्षीच्या मार्चमध्ये आहेत.

जूजू स्मिथ-शूस्टरने २०२२ मध्ये ७८ झेल, ९३३ यार्ड केले होते. भपकेबाज काही नाही, पण तिसऱ्या डाउनला (दहा यार्ड पुढे जायच्या चार संधींपैकी तिसरी) सात यार्ड हवे असताना बचावातली मोकळी जागा शोधून थांबणारा माणूस. तो पेट्रियट्सकडे गेला. मिकोल हार्डमन जेट्सकडे गेला. त्यांच्या जागी कोणी सिद्ध ज्येष्ठ आणला नाही. हिशेब असा होता की कडेरियस टोनी आणि मूर वर येतील, आणि ड्राफ्टमधला राशी राइस हळूहळू तयार होईल. टोनीला ऑक्टोबर २०२२ मध्ये जायंट्सकडून तिसऱ्या आणि सहाव्या फेरीचं पिक देऊन आणलं होतं, आणि सुपर बोलमध्ये त्याने ६५ यार्डांचा पंट रिटर्न (समोरच्याने लाथाडलेला चेंडू पकडून पळणं) केल्याने त्याच्याबद्दलच्या अपेक्षा आभाळाला टेकल्या होत्या. एका रात्रीच्या कामगिरीवर वर्षभराचं नियोजन बेतलं.

पहिल्याच सामन्यात, ७ सप्टेंबरला, केल्सी गुडघ्याच्या दुखापतीमुळे बाहेर. टोनीच्या हातांवर आदळून उडालेला चेंडू लायन्सच्या ब्रायन ब्रांचने पकडून थेट टचडाउन केला. सामना २१-२० असा गेला. २० नोव्हेंबरला ईगल्सविरुद्ध शेवटच्या दोन मिनिटांत वाल्डेस-स्कँटलिंगच्या हातात टचडाउनचा खोल पास पडला आणि निसटला. १० डिसेंबरला बिल्सविरुद्ध तर कहर: केल्सीने झेल घेऊन पळता पळता चेंडू आडवा टोनीकडे फेकला, टोनी टचडाउनला पोचला, आणि पंचाचा चुकीचा झेंडा पडला. चेंडू खेळात येण्याआधी टोनी रेषेच्या पुढे उभा होता. रिसीव्हरने कडेच्या पंचाकडे बघून हाताने 'बरोबर उभा आहे ना?' विचारायची पद्धत असते, तेवढंही केलं नव्हतं. बिल्स २०-१७ ने जिंकले.

आता नीट पाहा. यातली एकही चूक 'तारा नाही' म्हणून झालेली नाही. सगळ्या 'भरवशाचा मध्यम माणूस नाही' म्हणून झाल्या. जूजूसारख्याच कामाचा एक खेळाडू मार्चमध्ये हवा होता. चीफ्स तरीही फेब्रुवारी २०२४ मध्ये ४९अर्सना ओव्हरटाइममध्ये २५-२२ हरवून जिंकले, त्यामुळे ही चूक विसरली गेली. बचावफळीने ते वर्ष तारलं होतं.

९. वाल्डेस-स्कँटलिंगला एवढ्या शिव्या का? त्याने मोक्याचे झेल घेतले की.

घेतले. बाल्टिमोरमधल्या एएफसी अंतिम सामन्यात (सुपर बोलआधीच्या उपांत्य फेरीत) शेवटी तिसऱ्या डाउनला ३२ यार्डांचा झेल घेऊन त्यानेच सामना मिटवला आणि सुपर बोलमध्येही टचडाउन केला. पण संपूर्ण नियमित हंगामात २१ झेल. त्याचं काम मुळात छप्पर उंच ठेवायचं होतं, म्हणजे सेफ्टीला मागे ओढून केल्सीला जागा करून द्यायची. त्या कामाला १ कोटी ४० लाख जास्त होतात. काढला ते बरोबर.

१०. ड्राफ्टमधला रिसीव्हर पहिल्याच वर्षी कामाला येतो का?

येतो, पण ऑक्टोबरआधी अपेक्षा धरू नका. रीडच्या पद्धतीत एकाच नावाच्या रूटला बचाव पाहून तीन पर्याय असतात. क्वार्टरबॅक आणि रिसीव्हर दोघांनी एकाच क्षणी तोच पर्याय वाचला नाही, तर चेंडू रिकाम्या गवतावर पडतो आणि लोक महोम्सला बोल लावतात. राइसला (५५ वं पिक, त्यासाठी चीफ्स ६३ वरून वर चढले होते) सुरुवातीला मोजके, सोपे रूट दिले: आडवे पास, स्लँट, झेल घेऊन पळायचे खेळ. हंगाम पुढे गेला तसा भार वाढवला. अखेरीस ७९ झेल, ९३८ यार्ड, ७ टचडाउन. मूरला जे जमलं नाही ते राइसला जमलं, कारण राइसकडे झेल घेतल्यावर पाडायला आलेला पहिला माणूस झटकण्याचं बळ होतं. मूर उंचीने लहान, आणि मोकळा झाला तरी पुढे काही घडत नसे.

११. वर्दीचा ४.२१ सेकंदांचा विक्रम. निव्वळ वेगावर पहिली फेरी खर्च करावी का?

निव्वळ वेगावर नाही. वर्दीने मार्च २०२४ च्या कंबाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या चाचण्यांत) ४० यार्ड ४.२१ सेकंदांत पळून जॉन रॉसचा २०१७ मधला ४.२२ चा विक्रम मोडला. रॉसला बेंगल्सनी पहिल्या फेरीत नवव्या क्रमांकावर घेतलं होतं आणि त्याची कारकीर्द कशी विझली ते सर्वांना माहीत आहे. वर्दीचं वजन जेमतेम ७५ किलो. त्याला एक्सवर उभा केला तर धसमुसळा कॉर्नर रेषेवरच त्याला गिळतो. झेडवर, हालचालीत ठेवला तर तो वेग सेफ्टीला मागे रेटतो. चीफ्सनी त्याला बहुतांशी तसंच वापरलं आणि पहिल्या वर्षी ५९ झेल, ६३८ यार्ड मिळाले. किंमत? चार वर्षांचे मिळून १ कोटी ४० लाखांच्या आसपास. एवढ्यात वाल्डेस-स्कँटलिंगचं एक वर्ष आलं असतं.

१२. बिल्सनी आपल्या कट्टर प्रतिस्पर्ध्याला वर्दी घेऊ दिलाच कसा?

२०२४ च्या ड्राफ्टमध्ये चीफ्स ३२ वर होते, बिल्स २८ वर; दोघांनी जागा बदलल्या आणि २८ वर चीफ्सनी वर्दी घेतला. बिल्सनी २८, १३३, २४८ दिली आणि ३२, ९५, २२१ घेतली. पिकांची किंमत ठरवायला डॅलसचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या काळापासूनचा गुणतक्ता अजून अनेक जण वापरतात. त्यात २८ ला ६६०, १३३ ला सुमारे ४०. दुसऱ्या बाजूला ३२ ला ५९०, ९५ ला १२०. शेवटची दोन चिल्लर. म्हणजे ७०० देऊन ७१० घेतले. कागदावर बिल्स थोडे नफ्यातच.

मग त्यांनी ३२ ही पँथर्सना देऊन ३३ वर उतरून कीऑन कोलमन घेतला. इथे एक बारीक मेख आहे. पहिल्या फेरीतल्या खेळाडूवर संघाला पाचव्या वर्षाचा हक्क मिळतो, ३३ व्यावर मिळत नाही. एक पायरी उतरून बिल्सनी कोलमनचं ते वर्ष सोडलं.

कोलमन थोराड अंगाचा, एक्सला साजेसा, आणि बिल्सना डिग्ज गेल्यावर तेच हवं होतं. वर्दी त्यांच्या उपयोगाचा नव्हता असं नाही, पण 'शत्रूला मिळू नये' म्हणून पिक खर्च करणं हा भावनिक हिशेब झाला.

१३. हॉलिवूड ब्राउनशी फक्त एका वर्षाचा करार का केला?

मार्च २०२४ मध्ये मार्कीस ब्राउनला ('हॉलिवूड' हे टोपणनाव) ७० लाख पक्के, कामगिरीनुसार १ कोटी १० लाखांपर्यंत, असा करार होता. दुखापतींनी भाव उतरलेला वेगवान खेळाडू एका वर्षासाठी येतो, नाव कमावतो, पुढच्या वर्षी मोठा करार मिळवतो. संघाच्या अंगावर पुढचे हप्ते राहत नाहीत. अशा करारात धोका एकच: नशीब. ऑगस्टमध्ये जॅक्सनव्हिलमधल्या सराव सामन्यात पहिल्याच खेळात झेल घेऊन पडला, गळपट्टीचं हाड छातीच्या हाडाला मिळतं तो सांधा निखळला, आणि तो डिसेंबरपर्यंत बाहेर. सप्टेंबरअखेर राइसचाही गुडघा गेला. योजना चुकीची नव्हती. तिच्यातले तीनपैकी दोन खांब कोसळले.

१४. हंगाम सुरू झाल्यावर ट्रेड करून भागत नाही का? दर ऑक्टोबरला तेच तर करतात.

भागतं, पण भाव चढा आणि उपयोग अर्धा. ट्रेडची मुदत २०२४ पासून नवव्या आठवड्यानंतरच्या मंगळवारपर्यंत वाढली. ऑक्टोबर २०२४ मध्ये चीफ्सनी टायटन्सकडून डिआंड्रे हॉपकिन्स आणला, पाचव्या फेरीचं अटी असलेलं पिक देऊन. एक्सची जागा भरली, ४१ झेल आणि ४ टचडाउन मिळाले. पण बत्तीस वर्षांचा माणूस हंगामाच्या मध्यावर नवी भाषा शिकत होता. तो लाल क्षेत्रात (शेवटच्या २० यार्डांत), उंच फेकलेल्या चेंडूंवर उपयोगी पडला. जिथे पर्यायी रूट वाचायचे असतात (प्रश्न १०), तिथे तो कधी पूर्ण रुळला नाही.

ऑक्टोबरची उत्तम खरेदी ही बहुधा परत आलेल्या जुन्या माणसाची असते. हार्डमनला ऑक्टोबर २०२३ मध्ये जेट्सकडून फुटकळ मोबदल्यात परत आणला. पद्धत आधीच पाठ. सुपर बोलचा विजयी टचडाउन त्याचा.

१५. खेळाडू सोडला की कॉम्पेन्सेटरी (भरपाईचं) पिक मिळतं ना?

करार संपून दुसरीकडे गेला तरच. काढून टाकलेल्याचं काही मिळत नाही, म्हणून वाल्डेस-स्कँटलिंगबद्दल चीफ्सना शून्य. शिवाय हिशेब वजाबाकीचा असतो: गेलेल्यांतून आलेले वजा. स्वतः तेवढ्याच भावाचा फ्री एजंट (करार संपलेला खेळाडू) घेतला की गेलेला रद्द. यातली पळवाट दोन प्रकारची. दुसऱ्या संघाने काढून टाकलेला खेळाडू घेतला तर तो मोजला जात नाही. आणि ड्राफ्टनंतरच्या सोमवारनंतर घेतलेला कोणीच मोजला जात नाही. मे महिन्यात अचानक ज्येष्ठ रिसीव्हरच्या सह्या होतात त्याचं गुपित हेच.

१६. '१ जूननंतर काढलं' असं दाखवून डेड मनी दोन वर्षांत वाटतात. मग मार्चमध्येच तसं करून नवा रिसीव्हर का घेत नाहीत?

कारण पैसे मार्चमध्ये मोकळे होतच नाहीत. प्रत्येक संघाला दोन खेळाडू तसे नोंदवून आधी काढता येतात, पण कॅपमधली जागा २ जूनलाच मिळते. तोवर बाजार उठलेला असतो. शिवाय ही सवलत काढून टाकण्यासाठी आहे, ट्रेडसाठी नाही. बिल्सनी एप्रिल २०२४ मध्ये डिग्ज टेक्सन्सना दिला तेव्हा ३ कोटी १० लाखांचा डेड मनी एकाच वर्षात गिळावा लागला.

१७. एवढा डेड मनी घेऊनही बिल्स १३-४ गेले. म्हणजे मोठा रिसीव्हर लागतच नाही?

अर्धवट निष्कर्ष. त्यांचं चाललं कारण अॅलनने त्या वर्षी एमव्हीपीचा खेळ केला, आणि खलिल शकीर (७६ झेल, ८२१ यार्ड) स्लॉटमध्ये भरवशाचा होता. तरीही ऑक्टोबरमध्ये त्यांना ब्राउन्सकडून अमारी कूपर आणावाच लागला, तिसऱ्या फेरीचं पिक देऊन. एक्स रिकामा होता, कोलमन अजून कच्चा. विना तारा चालतं. विना एक्स नाही.

१८. केल्सीला रिसीव्हरमध्ये मोजायचं की नाही?

मोजायचं, आणि दर वर्षी थोडं कमी मोजायचं. २०२२ मध्ये १,३३८ यार्ड, २०२३ मध्ये ९८४, २०२४ मध्ये ८२३. झेल मात्र ९७. म्हणजे २०२४ मध्ये चेंडू मिळत होता, पण प्रत्येक झेलामागे जमीन कमी मिळत होती. स्लॉटची अर्धी गरज तो भागवतो म्हणून चीफ्सना त्या जागी महागडा माणूस लागला नाही. तो थांबला की हाच पैसा बाहेर काढावा लागेल.

१९. बेंगल्सनी तर क्वार्टरबॅकला २७ कोटी ५० लाख देऊनही दोन-दोन रिसीव्हर ठेवले. प्रश्न ७ चं उत्तर मग खोटं ठरतं का?

नियमाला अपवाद हाच. मार्च २०२५ मध्ये जामार चेसला चार वर्षांचे १६ कोटी १० लाख आणि टी हिगिन्सला चार वर्षांचे ११ कोटी ५० लाख. हे करता येतं, बेकायदा काही नाही. पण मग बचावफळी ड्राफ्टवर आणि स्वस्त ज्येष्ठांवर चालवावी लागते. २०२४ मध्येच चेस लीगमध्ये अव्वल असताना संघ ९-८ राहून प्लेऑफबाहेर होता, कारण गुण दिले फार. चीफ्सनी उलटं गणित मांडलं: मार्च २०२४ मध्ये बचावपटू ख्रिस जोन्सला पाच वर्षांचे १५ कोटी ८७ लाखांच्या वर दिले. 'चेससारखा घ्या' म्हणणाऱ्याने सोबत जोन्सला सोडायची तयारीही लिहून द्यावी.

२०. राइसच्या पहिल्या सहा सामन्यांच्या बंदीचा २०२५ च्या नियोजनावर काय परिणाम झाला?

बंदी ऑगस्टमध्ये जाहीर झाली, पण शिस्तभंगाची कारवाई येणार हे मार्चमध्येही दिसत होतं. म्हणून ब्राउन आणि जूजू दोघांशी पुन्हा एकेक वर्षाचे करार केले आणि चौथ्या फेरीत जेलन रॉयल्स घेतला. तिन्ही सौदे स्वस्तातले. जूजू परत आला यात २०२३ च्या चुकीची कबुली आहे, असं आम्ही वाचतो. एक्सवर मात्र पुन्हा कोणी नव्हतं.